इव्हनिंग प्रिमरोज ऑईल पहिल्यांदा घेताय? कुठून सुरू करायचं ते सांगते

पाळीच्या आधी छाती जड होते, कपडा लागला तरी दुखतं, चिडचिड होते, किंवा पंचेचाळिशीनंतर बसल्या बसल्या अंगातून गरम वाफा निघायला लागतात, आणि मग कोणीतरी मैत्रीण नाहीतर नणंद सांगते की अगं ते इव्हनिंग प्रिमरोजचं तेल घे, कॅप्सूल मिळतात, झाडापासूनचं आहे, काही होत नाही. बहुतेक जणींची सुरुवात अशीच होते, माझीपण अशीच झाली. बाटली आणली, रोज एक गिळायला लागले, कशासाठी किती आणि कधीपर्यंत हे काहीच ठरवलं नव्हतं.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी फसवलं म्हणायला नको. हे तेल वाईट नाहीये, पण बाटलीवर जेवढे फायदे छापलेले असतात तेवढे सिद्धही झालेले नाहीत, त्यामुळे घ्यायचंच असेल तर एका ठरावीक त्रासासाठी घ्या, लिहून ठेवत घ्या, आणि सुरू करायच्या दिवशीच बंद करायची तारीख कॅलेंडरवर टाका. बाकी सगळं यातच येतं.

स्टेप १: आधी हे काय आहे ते समजून घ्या

ओइनोथेरा बायेनिस नावाचं पिवळ्या फुलांचं झाड आहे, मूळचं उत्तर अमेरिकेतलं. फुलं संध्याकाळी उमलतात म्हणून नावात इव्हनिंग. पहिल्या वर्षी नुसती जमिनीलगत पानं येतात, दुसऱ्या वर्षी दांडा वर येऊन फुलं आणि बिया धरतात, आणि त्या बारीक बियांतून हे तेल काढतात.

तेलात साधारण सत्तर टक्क्यांच्या वर लिनोलेइक अ‍ॅसिड असतं, म्हणजे ओमेगा ६. ते तर आपल्याला रोजच्या कितीतरी तेलांतून मिळतच असतं, त्यासाठी कोणी कॅप्सूल घेणार नाही. ज्याच्यासाठी हे तेल विकलं जातं ते म्हणजे गॅमा लिनोलेनिक अ‍ॅसिड, सगळे जीएलए म्हणतात, आणि ते असतं फक्त ८ ते १० टक्के. आपलं शरीर लिनोलेइकपासून जीएलए स्वतः बनवू शकतं पण ती पायरी मुळातच संथ असते, मग थेट जीएलएच दिलं तर त्यापासून पुढे सूज कमी करणारे प्रोस्टाग्लँडिन बनतील आणि दुखणं कमी होईल, अशी ही सगळी थिअरी आहे. थिअरी ऐकायला एकदम पटते. अडचण पुढे आहे.

दोन गैरसमज इथेच काढून टाकते. एक, या तेलात कुठलंही हॉर्मोन नसतं, इस्ट्रोजेन तर नाहीच, त्यामुळे "हॉर्मोन बॅलन्स करतं" हे वाक्य लेबलवर दिसलं की ते जाहिरातीचं वाक्य आहे असं समजा. दुसरं, जवसाच्या तेलात असतं ते अल्फा लिनोलेनिक अ‍ॅसिड, ते ओमेगा ३, नाव जवळपास सारखंच पण काम वेगळं. जवसाचं तेल घेऊन जीएलए मिळत नाही आणि प्रिमरोज घेऊन ओमेगा ३ मिळत नाही. दुकानात दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात म्हणून मुद्दाम सांगतेय.

स्टेप २: एकच त्रास निवडा, आणि त्याबद्दल खरं काय माहीत आहे ते बघा

ही स्टेप सगळ्यात मोठी आहे, चहा घेऊन बसा.

पाळीच्या आधीचं छाती दुखणं. या तेलाचं खरं नाव झालं ते यामुळेच. ब्रिटनमध्ये एकेकाळी एफामास्ट नावाने हे छातीच्या दुखण्यासाठी आणि एपोगॅम नावाने एक्झिमासाठी, म्हणजे इसबासाठी, चक्क औषध म्हणून मिळायचं, डॉक्टर चिठ्ठीवर लिहून द्यायचे. २००२ साली तिथल्या औषध नियंत्रण संस्थेने दोन्हींचे परवाने काढून घेतले. धोका आढळला म्हणून नाही हं, उपयोग होतो याचा पुरेसा पुरावा नाही म्हणून. त्यानंतर २००५ मध्ये ५५५ बायकांवरचा एक मोठा अभ्यास आला, काहींना जीएलए दिलं, काहींना दुसरं साधं तेल भरलेल्या डमी कॅप्सूल. दुखणं दोन्हीकडे कमी झालं! जीएलए घेणाऱ्यांचं डमीवाल्यांपेक्षा जास्त कमी झालं नाही. दुसऱ्या बाजूला २०१० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने रोज ३००० मिलिग्रॅम तेल आणि व्हिटॅमिन ई देऊन सहा महिन्यांचा एक छोटा प्रयोग केला, त्यात दुखण्याची तीव्रता थोडी कमी होत असावी असं दिसलं, पण तो ८५ जणींचा पायलट, म्हणजे नुसता चाचपणीचा अभ्यास होता, त्यावरून छातीठोक काही सांगता येत नाही.

आता यातली खरी गोम बघा. पाळीशी जोडलेलं छातीचं दुखणं आपोआपच कमी-जास्त होत असतं, एका महिन्यात जीव जातो आणि पुढच्या महिन्यात आठवतही नाही. आपण कॅप्सूल सुरू करतो ती सगळ्यात वाईट महिन्यानंतर, कारण तेव्हाच वैतागलेलो असतो. मग पुढचा महिना बरा जाणारच होता, श्रेय मिळतं बाटलीला. "मला तर फरक पडला" असं सांगणाऱ्या बायका खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच बरं वाटलेलं असतं, पण ते तेलामुळेच का हे त्यांनाही कळायला मार्ग नसतो.

मेनोपॉजमधले हॉट फ्लॅशेस, म्हणजे पाळी जायच्या वयातल्या त्या गरम वाफा. १९९४ मध्ये ५६ बायकांवर अभ्यास झाला होता, रोज ४ ग्रॅम तेल, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ कॅप्सूल, सहा महिने. एवढं गिळूनही एकूण हिशोबात डमी कॅप्सूलपेक्षा फायदा निघाला नाही. २०१३ मध्ये इराणमध्ये सहा आठवड्यांचा एक अभ्यास झाला, त्यात वाफांचा जोर जरा कमी झाला पण किती वेळा येतात आणि किती वेळ टिकतात यात म्हणावा तसा फरक नव्हता. म्हणजे ज्यांना दिवसातून दोन-चार वेळा सौम्य येतात त्यांनी करून बघायला हरकत नाही, पण ज्यांना रात्रीतून तीन वेळा घामाने गाऊन बदलावा लागतो त्यांनी यात महिने घालवू नयेत, डॉक्टरकडे जाऊन हॉर्मोन थेरपी आपल्याला चालेल का हे विचारावं, कारण हॉट फ्लॅशेसवर सगळ्यात जास्त परिणाम तिचाच होतो.

पीएमएस, म्हणजे पाळीच्या आधीच्या दिवसांतली चिडचिड, रडू येणं, पोट फुगणं, यावर जे चांगले अभ्यास झाले त्यात काही हाती लागलं नाही. एक्झिमासाठी २०१३ मध्ये कॉक्रेन या औषधोपचारांचे अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने प्रिमरोज आणि बोरेज (हेही जीएलए असलेलं एक झाडाचं तेल) तेलांचे २७ अभ्यास एकत्र तपासले आणि डमीपेक्षा फायदा नाही असं सांगितलं. पिंपल्स, केस गळणं, वजन कमी होणं, यासाठी घेत असाल तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, पुढे जाऊ.

प्रेग्नन्सी राहावी म्हणून पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात घेणाऱ्याही खूप आहेत, त्यालासुद्धा नीट पुरावा नाही. आणि शेवटच्या महिन्यात डिलिव्हरी लवकर व्हावी म्हणून कॅप्सूल तोंडाने घेणं किंवा योनीमार्गात ठेवणं हा जो सल्ला फिरतो ना, तो कृपा करून स्वतःच्या मनाने करू नका. १९९९ च्या एका अभ्यासात तोंडाने घेतलेल्या बायकांचे दिवस काही कमी भरले नव्हते, उलट काही गुंतागुंती त्यांच्यात जास्त दिसल्या होत्या.

एवढं वाचूनही घ्यावंसं वाटतंय? चालेल, छाती दुखण्यासाठी मीपण घेतलंच की. फक्त त्रास एकच निवडा. तीन त्रासांसाठी एकदम सुरू केलं की कशात तरी बरं वाटतंच, आणि मग बाटली आयुष्यभर चालू राहते.

स्टेप ३: कोणी घेऊ नये, आणि कोणी आधी डॉक्टरला विचारावं

रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, रोजची अ‍ॅस्पिरिन वगैरे, तर विचारल्याशिवाय हात लावू नका, रक्तस्रावाची शक्यता वाढू शकते. ऑपरेशन ठरलं असेल, अगदी दाढ काढायची असेल तरीही, सांगून टाका, साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात. आपल्याकडे एक सवय आहे, डॉक्टरने विचारलं की काही औषधं चालू आहेत का तर आपण म्हणतो नाही, कारण सप्लिमेंट हे औषध वाटतच नाही. तर ते मोजायचं.

फिट्सचा त्रास असेल किंवा क्लोरप्रोमाझिनसारखी मानसिक आजारावरची फिनोथायझिन गटातली औषधं चालू असतील तर त्यासोबत फिट येऊ शकते असा इशारा बऱ्याच वर्षांपासून दिला जातो. नंतरच्या काही तज्ज्ञांनी या संबंधावर शंका घेतलीय, तरीपण ज्याच्यावाचून काही अडत नाही अशा तेलासाठी हा जुगार कशाला खेळायचा. एचआयव्हीच्या औषधांत लोपिनाविर असेल तरी आधी विचारा, त्याची रक्तातली पातळी वाढू शकते. गरोदर असाल तर नको. अंगावर पाजत असाल तर बाळाच्या डॉक्टरला विचारूनच.

आणि या गोष्टी असतील तर तेलाचा विषयच बाजूला ठेवा, आधी तपासणी: छातीत नवीन गाठ लागतेय, एकाच जागी सतत दुखतंय आणि पाळीशी काही संबंध नाही, निपलमधून रक्त किंवा पाणी येतंय, कातडीला खळगा पडलाय, किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर परत रक्त दिसलंय. यात "आधी तेल घेऊन बघते तीन महिने" असं करायचं नाही.

स्टेप ४: बाटलीच्या आधी वही

सगळ्यांचा सगळ्यात जास्त कंटाळा इथे असतो आणि सगळ्यात जास्त उपयोग पण याचाच. तेल सुरू करायच्या आधी दोन पाळ्या नुसतं लिहायचं. रोज झोपताना शून्य ते दहामध्ये एक आकडा, शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. बस्स, निबंध नको. हॉट फ्लॅशेस असतील तर आकड्याऐवजी रेघा मारा, दिवसाच्या वेगळ्या आणि रात्रीच्या वेगळ्या. फोनमध्ये लिहिलं तरी चालतं पण मला कॅलेंडरच्या चौकोनात पेनने लिहिलेलं बरं पडतं, एका नजरेत महिना दिसतो.

माझीच गोष्ट सांगते. मी पाच महिने घेत होते आणि सगळ्यांना सांगत फिरत होते की छान फरक आहे. मग एका प्रवासात बाटली घरीच राहिली, नंतर नवीन आणायचा आळस झाला, आणि दोन पाळ्या तेलाशिवाय गेल्या. तेव्हा आकडे लिहायला लागले होते, तर ते दर महिन्याला चार-पाचच्या आसपास, मग पुन्हा बाटली आणून तीन पाळ्या घेतली तरी चार-पाचच. उलट ज्या महिन्यात मी नीट मापाची, आधार देणारी ब्रा घ्यायला लागले त्या महिन्यात आकडा खाली आला. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण माझ्यापुरतं मला उत्तर मिळालं.

त्यावरून आठवलं, या काळात दुसरं काही नवीन सुरू करू नका. नवीन व्यायाम, नवीन गर्भनिरोधक गोळी, कॉफी बंद, सगळं एकाच महिन्यात केलं तर कशाने काय झालं हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

स्टेप ५: लेबल उलटं करून वाचा

पुढच्या बाजूला १००० मिलिग्रॅम मोठ्या अक्षरात असतं, ते तेलाचं वजन, जीएलएचं नाही. मागच्या बाजूला जीएलए किती ते शोधा. १००० मिलिग्रॅम तेलामागे ८० ते १०० मिलिग्रॅम जीएलए दिसलं पाहिजे, ५०० च्या कॅप्सूलमध्ये त्याच्या निम्मं. जीएलएचा आकडाच दिलेला नसेल तर ती बाटली परत ठेवा. सर्व्हिंग साइज पण बघा, कधीकधी १००० हा आकडा दोन कॅप्सूल मिळून असतो आणि आपण खुशाल एक घेत बसतो. "वुमन्स ब्लेंड" वगैरे नावाखाली चार तेलं एकत्र केलेली असतील आणि कुठलं किती ते लिहिलेलं नसेल तर तीपण नको.

शाकाहारी असाल तर हे नीट वाचा: आतलं तेल झाडाचं असलं तरी बाहेरचं मऊ कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं असतं, म्हणजे प्राण्यांपासूनचं. वनस्पतीजन्य कवचाच्या कॅप्सूल मिळतात, पण तसं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. "प्लांट बेस्ड ऑईल" एवढ्यावर जाऊ नका, ते तेलाबद्दल बोलतात, कवचाबद्दल नाही.

कोल्ड प्रेस्ड, गडद रंगाची बाटली, एक्सपायरी लांबची, बाहेरच्या लॅबकडून तपासलेलं असल्याची खूण, हे असलं तर उत्तमच. थोडं व्हिटॅमिन ई घातलेलं असतं ते तेल खराब होऊ नये म्हणून, घाबरू नका.

बोरेजच्या तेलात जीएलए दुपटीहून जास्त, साधारण २० टक्क्यांच्या वर असतं, म्हणून कमी कॅप्सूलमध्ये काम होतं असं सांगून ते विकतात. पण त्या झाडात लिव्हरला त्रास देणारे पायरोलिझिडिन अल्कलॉइड असू शकतात, त्यामुळे ते काढून टाकल्याचं लेबलवर असलं तरच बघा. पहिल्यांदा घेणारीने प्रिमरोजवरच राहावं असं मला वाटतं.

स्टेप ६: घेणं

रोज एक ५०० ची कॅप्सूल जेवणानंतर, पहिला आठवडा. पोट बरं राहिलं तर हळूहळू वाढवायचं. अभ्यासांमध्ये बऱ्याचदा दिवसाला ३ ते ४ ग्रॅमपर्यंत दिलेलं आहे, पण याचा अर्थ तेवढं घ्यायलाच हवं असा नाही, लेबलवरच्या मात्रेच्या वर जायचं असेल तर डॉक्टरशी बोलून. जास्त घेत असाल तर सकाळ-संध्याकाळ वाटून घ्या. उपाशीपोटी घेतलं की मळमळ आणि तेलकट ढेकर ठरलेले. पोट बिघडणं, पातळ होणं, डोकं दुखणं हे होऊ शकतं आणि बहुतेक सौम्य असतं, मात्रा कमी केली की थांबतं. अंगावर पुरळ उठलं, ओठ सुजले, नेहमीपेक्षा जास्त निळे डाग पडायला लागले किंवा पाळीत रक्त खूप जास्त जायला लागलं, तर लगेच बंद करून दाखवा.

एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायची नाही. वजन वाढेल का असं बऱ्याच जणी विचारतात, ३ ग्रॅम तेल म्हणजे २७ कॅलरी, त्याने काही होत नाही.

स्टेप ७: ठेवायचं कुठे

हे तेल हवेने, उजेडाने, उष्णतेने लवकर खवट होतं. गॅसशेजारचा कट्टा नको, बाथरूमचं कपाट नको, गाडीत तर अजिबात नको. झाकण घट्ट, अंधारी थंड जागा, फ्रीजमध्येही चालतं. शंका आली तर एक कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या, जुन्या तळणाच्या तेलासारखा खवट वास आला तर पूर्ण बाटली फेका, पैसे गेले म्हणून संपवत बसू नका. कॅप्सूल एकमेकींना चिकटून गोळा झाला असेल तर बाटली उष्णतेत राहिलेली आहे.

स्टेप ८: तारीख आली, आता काय

तीन पाळ्या, किंवा हॉट फ्लॅशेससाठी तीन महिने, ही माझी मर्यादा. त्या दिवशी आधीचे दोन महिने आणि नंतरचे तीन शेजारी ठेवा. आकडा दोनने तरी खाली आलाय का? नसेल तर बंद, हळूहळू कमी करायची वगैरे गरज नाही, सरळ थांबवायचं. आला असेल तरीपण एकदा बंद करून बघाच, दोन पाळ्या तेलाशिवाय लिहा, आकडा परत वर गेला तर पुन्हा सुरू करायला काहीतरी कारण आहे, आणि मग लांब पल्ल्यासाठी घ्यायचं तर डॉक्टरशी बोलून, कारण जे अभ्यास झालेत ते बहुतेक काही महिन्यांचेच आहेत.

फरक नाही पडला तर छातीच्या दुखण्यासाठी नीट मापाची ब्रा, दुखऱ्या दिवसांत लावायचं डायक्लोफिनॅक जेल, असे साधे उपाय आहेत, डॉक्टरला विचारून घ्या. पीएमएससाठी कॅल्शियम, नियमित व्यायाम, आणि खूपच त्रास असेल तर त्यावरच्या गोळ्याही असतात. जाताना ते कॅलेंडर सोबत न्या नाहीतर पानांचे फोटो काढून न्या. "कधीपासून दुखतं, किती दुखतं" या प्रश्नावर आपण नेहमी अडखळतो, पाच महिन्यांचे आकडे समोर ठेवले की डॉक्टरही जरा वेळ देऊन ऐकतात, निदान माझ्या बाबतीत तरी तसं झालं.